शेजाऱ्याची भाषा

केंद्र सरकारने २९ जुलै २०२० रोजी नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर केले. माध्यमिक शाळांतून कोणत्या परकी भाषा शिकण्याची सोय असावी, याची एक यादी त्यात आहे. २०१९ च्या मसुद्यात फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, चिनी आणि जपानी अशी नावे होती. अंतिम धोरणात कोरियन आली, थाई आली, पोर्तुगीज आणि रशियनही आली; चिनी मात्र गळाली. मधल्या काळात काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या १५ जूनच्या रात्री गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले होते. देश संतप्त होता आणि तो संताप रास्त होता. परंतु संतापाच्या भरात आपण शेजाऱ्याचे नव्हे, स्वतःचेच एक दार लावून घेतले.

यादी केवळ उदाहरणादाखल आहे, चिनी शिकण्यावर कोणी बंदी घातलेली नाही, असा खुलासा यावर करता येईल. तो तांत्रिकदृष्ट्या खराही आहे. पण सरकारी धोरणातून एखादे नाव वगळले जाते तेव्हा त्याचा अर्थ शाळाचालकांना, पालकांना आणि अनुदान मंजूर करणाऱ्या कारकुनालाही बरोबर कळतो. ज्या देशाशी आपली साडेतीन हजार किलोमीटरांची सीमा भिडलेली आहे, ज्याच्याशी आपण १९६२ साली युद्ध लढलो, ज्याच्याकडून आपण २०२४-२५ या एका वर्षात ११३ अब्ज डॉलरांहून अधिक किमतीचा माल आणला आणि ज्याला जेमतेम १४ अब्जांचा विकला, त्या देशाची भाषा येणारी माणसे आपल्याला नकोत, असा हा संकेत आहे. हा संकेत राष्ट्रहिताचा आहे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

शत्रूची भाषा शिकणे म्हणजे त्याच्यापुढे नमणे, ही समजूत जगात कोणत्याही जाणत्या राष्ट्राने मानलेली नाही. १९५७ साली सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला तेव्हा अमेरिकेने रशियन भाषेचे वर्ग बंद केले नाहीत. उलट पुढच्याच वर्षी संरक्षणासाठी शिक्षण असा एक कायदाच करून परकी भाषांच्या अध्यापनावर सरकारी पैसा ओतला. आपल्याकडेही १९६२ च्या पराभवातून हा धडा काही जणांनी घेतला होता. १९६४ साली दिल्ली विद्यापीठात चिनी अध्ययनाचे केंद्र निघाले ते याच जाणिवेतून. संरक्षण खात्याच्या परकी भाषांच्या शाळेत आजही चिनी शिकवली जाते. म्हणजे सैन्याला जे कळते ते शिक्षण खात्याला कळू नये, असा हा प्रकार आहे. सैन्याची गरज मर्यादित असते. त्याला दुभाषे हवे असतात. राष्ट्राची गरज त्याहून मोठी आहे. त्याला वार्ताहर हवेत, अर्थतज्ज्ञ हवेत, इतिहासकार हवेत, अनुवादक हवेत. आणि आमच्या मते कामगारांचे प्रश्न जाणणारे कार्यकर्तेही हवेत.

आज चीनविषयी आपल्याला जे काही कळते ते कोठून कळते? लंडन आणि न्यूयॉर्कहून. पेइचिंगमध्ये काही घडले की तेथील इंग्रज वा अमेरिकन वार्ताहर ते आपल्या वाचकांसाठी लिहितो. त्याचे प्रश्न, त्याची भीती, त्याच्या देशाचे हितसंबंध त्या मजकुरात मुरलेले असतात. तो मजकूर आपली वृत्तपत्रे जशीच्या तशी उचलतात आणि त्यावर आपण आपले मत बनवतो. २०२३ साली उभय देशांनी एकमेकांच्या वार्ताहरांचे परवाने अडवण्याचा सपाटा लावला आणि चीनमध्ये उरलेल्या शेवटच्या भारतीय वार्ताहरालाही परत फिरावे लागले. जगातील दोन सर्वांत मोठ्या लोकसमूहांमध्ये बोलणे व्हावे आणि तेही तिसऱ्याच्या तोंडून व्हावे, याहून मोठी नामुष्की कोणती? इंग्रजी ही जगाची खिडकी आहे, असे आपल्याला शाळेपासून सांगण्यात येते. खिडकी आहे हे मान्य. पण घराला एकच खिडकी असेल तर एकाच दिशेचे आकाश दिसते, आणि तेवढेच आकाश आहे असे हळूहळू वाटू लागते.

समाजवादी चळवळीला हा विचार नवा नाही. इंग्रजीच्या मक्तेदारीविरुद्ध डॉ. राममनोहर लोहिया आयुष्यभर लढले ते परकी भाषांचा तिरस्कार म्हणून नव्हे. ते स्वतः जर्मनीत शिकले होते आणि जर्मन उत्तम जाणत होते. तिबेटवर चीनने चाल केली तेव्हा त्या कृत्याला ‘शिशुहत्या’ म्हणणारे लोहियाच होते. चीनच्या विस्तारवादाविषयी त्यांना कोणताही भ्रम नव्हता. परंतु ज्याच्याशी झुंजायचे त्याला ओळखायचे, हा त्यांचा आग्रह होता, आणि ओळखीचा रस्ता भाषेतून जातो.

दुसरे उदाहरण आचार्य नरेंद्र देव यांचे. १९४२ च्या आंदोलनानंतर अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात स्थानबद्ध असताना या समाजवादी नेत्याने वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’चा हिंदी अनुवाद करण्याचे काम हाती घेतले. तो त्यांनी केला फ्रेंचवरून! कारण पूसँ या बेल्जियन पंडिताने ह्युएन त्संगाचे चिनी भाषांतर आणि तिबेटी भाषांतर यांच्या आधारे तो ग्रंथ फ्रेंचमध्ये उभा केला होता, आणि मूळ संस्कृत ग्रंथ भारतातून शतकांपूर्वीच नाहीसा झाला होता. राहुल सांकृत्यायनांनी तिबेटमध्ये शोधून काढलेल्या पोथ्यांच्या आधारे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील प्रा. वासुदेव गोखले यांनी त्यातील मूळ कारिका १९४६ साली प्रसिद्ध केल्या. एका भारतीय आचार्याचा ग्रंथ चीनमध्ये जपला जातो, तेथून फ्रान्सच्या भाषेत जातो आणि फ्रेंचमधून एका भारतीय राजबंद्याच्या हाती लागतो. या एका प्रवासात आपल्या विद्येची सारी कहाणी आली.

आणि ही कहाणी एका ग्रंथापुरती नाही. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’चे अठ्ठावीस सर्ग, त्यातील संस्कृतात जेमतेम निम्मे हाती लागतात, पूर्ण काव्य वाचायचे तर चिनी वा तिबेटी भाषांतराकडे वळावे लागते. कुचा नगरीत वाढलेला, भारतीय पित्याचा पुत्र कुमारजीव इसवी सन ४०१ मध्ये चांगआनला पोहोचला आणि त्याने केलेली भाषांतरे चिनी गद्याचा अलंकार मानली जातात. उज्जैनीचा परमार्थ सहाव्या शतकात समुद्रमार्गे चीनला गेला आणि तेथेच भाषांतरे करीत वारला. ह्युएन त्संगाने भारतातून ६५७ ग्रंथ नेले आणि उर्वरित आयुष्यात त्यांतील ७५ ग्रंथांची भाषांतरे पुरी केली. चिनी बोलीत आजही पापणी लवण्याइतक्या काळाला ‘छाना’ म्हणतात. तो आपला ‘क्षण’ आहे. आपल्या ‘ध्याना’चे तेथे ‘छान’ झाले आणि जपानात जाऊन ‘झेन’ झाले. उलट त्यांचा ‘छा’ आपल्या प्रत्येक झोपडीत चहा होऊन सकाळी उकळत असतो.

महाराष्ट्राला तर या बाबतीत अधिकच अगत्य असायला हवे. इसवी सनाच्या ६४१ च्या सुमारास ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला. पुलकेशीचे राज्य त्याने पाहिले. येथील माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपकारही विसरत नाहीत. संकटात सापडलेल्याने हाक मारली तर स्वतःची पर्वा न करता धावून जातात. सूड घ्यायचा तर शत्रूला आधी सावध करतात, अशा आशयाचे वर्णन त्याने लिहून ठेवले. मराठी माणसाचे एका परदेशी प्रवाशाने जवळून रेखाटलेले हे जुने शब्दचित्र आपण व्यासपीठांवरून अभिमानाने सांगतो. पण सांगतो ते एकोणिसाव्या शतकात बील नावाच्या इंग्रजाने केलेल्या भाषांतरावरून. आपले स्वतःचे चित्र आपण परक्याच्या आरशात, तोही दुसऱ्या परक्याने हाती धरलेला, पाहत आलो आहोत.

याहून निकडीची एक गोष्ट आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्र हे देशातील बौद्धांचे प्रमुख घर झाले. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक या राज्यात होते. ज्यांनी बुद्धाकडे समतेचा आधार म्हणून पाहिले, त्या समाजातील मुलामुलींना बौद्ध वाङ्मयाचा हा अवाढव्य चिनी भांडार मुळातून वाचण्याची वाट कोणी दाखवली आहे काय? पालीतील निकायांशी ताडून पाहावेत असे आगमग्रंथ चिनी भाषेत शाबूत आहेत. डॉ. पु. वि. बापटांसारख्या पुण्याच्या पंडिताने हे महत्त्व फार पूर्वी ओळखले होते. ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ चिनी भाषांतरातून समजून घेऊन ‘विसुद्धिमग्गा’शी त्याची तुलना करणारे पुस्तक त्यांनी १९३७ साली लिहिले. त्याच वर्षी शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी तान युन-शान यांच्या साहाय्याने चीन भवन उघडले. बापट-गोखल्यांनी घातलेली ही वाट पुण्यात राजरस्ता व्हायला हवी होती. ती पायवाट म्हणूनही धड उरली नाही. आणि ज्यांना त्या वाटेची सर्वांत अधिक गरज आहे ते विद्यार्थी वसतिगृहाच्या रांगेत आणि शिष्यवृत्तीच्या प्रतीक्षेत अडकलेले आहेत.

येथवर आम्ही भूतकाळाविषयी बोललो. वर्तमानातील कारण याहून बलवत्तर आहे. चीन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तेथील सरकार येते, त्याचे सैन्य येते, त्याचा स्वस्त माल येतो. तेथील माणूस येत नाही. खेड्यातून शहरात रोजगारासाठी गेलेल्या मजुराला चिनी भाषेत ‘नोंगमिनकोंग’ म्हणतात, म्हणजे शेतकरी-मजूर. असे सुमारे तीस कोटी लोक तेथे आहेत. ‘हुखौ’ नावाच्या नोंदणीपद्धतीमुळे माणसाचा हक्क त्याच्या जन्मगावाशी बांधलेला असतो. शहर त्याच्या हातांनी उभे राहते, पण त्याच्या मुलाला त्या शहरातील सरकारी शाळेत प्रवेश सहजी मिळत नाही. मुले गावी आजी-आजोबांपाशी राहतात, आईबाप वर्षातून एकदा नववर्षाला घरी येतात. बीडच्या ऊसतोड कामगाराला ही हकिगत समजावून सांगण्याची गरज पडेल काय? दोन राज्यपद्धती भिन्न, झेंडे भिन्न, घोषणा भिन्न. आणि तळाच्या माणसाचे दुःख मात्र एका वळणाचे. हे साम्य पाहिल्यावर तो माणूस आपल्या व्यथेविषयी काय म्हणतो, कोणती गाणी म्हणतो, कोणत्या शब्दांत चिडतो, हे ऐकावेसे वाटणे स्वाभाविक नाही काय?

तो बोलत नाही असे नाही. २०१९ साली तेथील संगणक-कामगारांनी ‘नऊ-नऊ-सहा’ या पद्धतीविरुद्ध, म्हणजे सकाळी नऊ ते रात्री नऊ आणि आठवड्याचे सहा दिवस राबण्याविरुद्ध, आवाज उठवला. दोन वर्षांनी तेथील सर्वोच्च न्यायालयालाही ही पद्धत बेकायदा आहे असे म्हणावे लागले. २०२१ मध्ये ‘थांगफिंग’ हा शब्द तरुणांच्या तोंडी आला. त्याचा अर्थ ‘सरळ आडवे होणे’, या जीवघेण्या शर्यतीत धावायचेच नाही असे ठरवणे. वूहानमध्ये साथीची सूचना देणाऱ्या आणि त्याबद्दल पोलिसांचा दम ऐकणाऱ्या डॉ. ली वेनल्यांग यांचा फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच साथीत मृत्यू झाला, आणि त्यांनी लिहिलेल्या शेवटच्या निवेदनाखाली लोक वर्षानुवर्षे येऊन आपले मन मोकळे करीत राहिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तरुण मुले हातात कोरे कागद धरून रस्त्यावर उभी राहिली. जेथे लिहिण्याची मुभा नाही तेथे कोरा कागदही बोलतो. पण जे लिहिले गेले ते वाचण्यासाठी मात्र चिनी अक्षरे यावी लागतात. हुकूमशाही राजवटीच्या प्रजेला आपण राजवटीच्याच प्रवक्त्यांवरून ओळखावे, हे त्या राजवटीला हवेच असते. तेव्हा चिनी न शिकण्याने आपण विरोध कोणाला करतो? सत्ताधाऱ्यांना नव्हे, त्यांच्या टाचेखालील माणसाला आपण पारखे होतो.

चिनी भाषेच्या प्रसाराआडून चिनी सरकारचा प्रचार शिरतो, हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. चिनी सरकारच्या पैशावर जगभर ज्या ‘कन्फ्यूशियस संस्था’ निघाल्या त्यांत तिबेट, थ्येनआनमेन, उइघुर हे शब्द उच्चारायचे नाहीत, अशी अडचण अनेक विद्यापीठांना आली आणि अनेकांनी त्या बंदही केल्या. परंतु या आक्षेपाचे उत्तर शिक्षण बंद करणे हे कसे होऊ शकते? परक्याच्या पैशाने, परक्याच्या पाठ्यपुस्तकांतून शिकण्याची पाळी येते ती आपण स्वतःची सोय केली नाही म्हणून. आपले प्राध्यापक, आपली पाठ्यपुस्तके, आपला खर्च असेल तर धड्यात लू शुनही येईल आणि तैवानचे लेखकही येतील. चिनी ही काही पेइचिंगच्या सरकारची खाजगी मालमत्ता नव्हे. ती तैवानच्या लोकशाहीची भाषा आहे, सिंगापूरच्या चार राजभाषांपैकी एक आहे आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत तिला स्थान आहे.

दुसरा आक्षेप अवघडपणाचा. चिनी लिपी कठीण आहे, हे खरेच. वृत्तपत्र वाचायचे तर तीनेक हजार अक्षरचिन्हे डोळ्यांखालून जावी लागतात, आणि त्याला चिकाटीवाचून उपाय नाही. पण भाषेचे व्याकरण इतके सुटसुटीत आहे की आपल्या तीन लिंगांनी आणि विभक्तींनी घायाळ झालेल्या परकीयाला हेवा वाटावा. क्रियापद चालत नाही, नाम बदलत नाही, लिंगभेद नाही. सुरांचा प्रश्न आहे: ‘मा’ हा एकच उच्चार चार सुरांत म्हटला तर आई, ताग, घोडा आणि रागे भरणे असे चार अर्थ होतात. तो कानाच्या सवयीचा प्रश्न आहे, आणि लहान वयात कान लवकर तयार होतो. शब्द घडवण्याची रीत तर आपल्या ओळखीची वाटेल. आगगाडीला ते ‘हुओ-छ’ म्हणतात. ‘हुओ’ म्हणजे आग, ‘छ’ म्हणजे गाडी. इंजिनाच्या पोटातील जाळ पाहून मराठी शेतकऱ्याला आणि चिनी शेतकऱ्याला नेमके एकच नाव सुचले.

उच्चारांच्या बाबतीत तर मराठी विद्यार्थ्याला जन्मजात सोय लाभली आहे, आणि तिचा उपयोग आपण करून घेत नाही. चिनीत ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’, ‘क’ आणि ‘ख’ यांतील भेद महाप्राणाचा आहे. इंग्रजी कानाला तो चटकन पकडता येत नाही. आपल्या बालवाडीतील मुलाला तो येतो. मराठीत ‘चाक’मधला च आणि ‘चिमणी’मधला च वेगळे आहेत, चिनीतही हे दोन च वेगळे आहेत. हिंदी भाषकाला जो भेद मुद्दाम शिकावा लागेल तो आपल्या जिभेवर तयार आहे. पण आपण चिनी शिकतो ती १९५८ साली चीनने स्वीकारलेल्या रोमन लेखनपद्धतीतून आणि इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकांतून. साहजिकच ‘पेइचिंग’चे आपण ‘बीजिंग’ करतो आणि शुद्ध उच्चाराची हाती असलेली संधी घालवतो. देवनागरीतून उच्चार दाखवणारे, मराठीतून व्याकरण समजावणारे, प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणारे चिनीचे पाठ्यपुस्तक आणि चांगला चिनी-मराठी शब्दकोश, ही अगदी पहिली गरज आहे. इंग्रजी येत असेल तरच चिनी शिकता येईल, अशी व्यवस्था म्हणजे एका मक्तेदारीच्या दारातूनच दुसरीकडे जा असे सांगणे होय.

व्यवहाराचे बोलायचे तर कारखान्यात जाऊन पाहावे. यंत्रे चिनी, सुटे भाग चिनी, औषधांना लागणारी मूलद्रव्येही मोठ्या प्रमाणात चिनी. यंत्र बंद पडले की माहितीपुस्तिका वाचणारा कोणी नाही. मग तिकडून तंत्रज्ञ येईपर्यंत काम ठप्प. लहान व्यापारी मालाच्या खरेदीला जातो तो दुभाष्याच्या भरवशावर, आणि दुभाष्या अनेकदा विकणाऱ्याच्याच बाजूचा. महासाथीपूर्वी वीस हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी चीनमध्ये, मुख्यतः वैद्यकीय शिक्षणासाठी, होते. त्यांतील बहुतेक मध्यम आणि कनिष्ठ मध्यमवर्गीय घरांतील होते, कारण येथील खाजगी महाविद्यालयांचे शुल्क त्यांना परवडणारे नव्हते. भाषा आधीपासून आली असती तर रुग्णाच्या खाटेपाशी त्यांना अधिक शिकता आले असते. मालाचे परावलंबन कमी करा, असे आम्हीही म्हणतो. परंतु ते यंत्र कसे बनते हे ज्याला त्याच्या निर्मात्याच्या भाषेत वाचता येत नाही, तो ते स्वतः कधी बनवणार?

या संदर्भात महाराष्ट्राला एका नावाचे स्मरण करून देणे आमचे कर्तव्य आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांवर डोंगराळ भागांत शस्त्रक्रिया करताना ते चिनी बोलू लागले, वाचू-लिहू लागले आणि चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवू लागले. क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले ‘यिनह्वा’, म्हणजे भारत-चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे तेथेच निधन झाले. त्यांच्यासारखे डॉक्टर आणखीही गेले होते. पण चीनच्या सामान्य माणसाने कोटणीसांना आपले मानले, त्यात त्यांच्या शस्त्राइतकाच त्यांच्या जिभेचाही वाटा होता. आपण त्यांचे पुतळे उभारतो आणि ते ज्या भाषेत बोलले ती आपल्या एकाही मुलाला येत नाही याची खंत करीत नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात सीमेवरील गस्तीविषयी समझोता झाला. २०२५ मध्ये कैलास-मानसरोवराची यात्रा पुन्हा सुरू झाली आणि थेट विमानेही उडू लागली. सरकारांचे रुसवेफुगवे असे येतात आणि जातात. १९५४ साली ‘भाई भाई’ म्हणणारे आपणच, आठ वर्षांनी बंदुका रोखणारेही आपणच. या दोन्ही वेळी आपले अज्ञान मात्र सारखेच होते, आणि भाबडी मैत्री व आंधळा द्वेष ही त्या अज्ञानाचीच दोन अपत्ये आहेत. भाषेचे शिक्षण संबंधांच्या हवामानावर ठेवता येत नाही. एक चांगला चिनी-जाणता घडायला दहा वर्षे लागतात, आणि गरज पडते ती एका रात्रीत.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. राष्ट्रीय धोरणाच्या यादीत चिनीला पुन्हा स्थान द्यावे. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांत पाली-बौद्ध अध्ययनाला जोडून चिनीची अध्यासने सरकारी खर्चाने निर्माण करावीत आणि मागास समाजातील विद्यार्थ्यांसाठी त्यात शिष्यवृत्त्या राखाव्यात. तंत्रनिकेतनांत व्यावहारिक चिनीचा ऐच्छिक वर्ग असावा. राज्याच्या साहित्यसंस्थांनी चिनीतून थेट मराठीत अनुवाद करवून घ्यावेत. आणि सरकारची वाट न पाहता आपल्या कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे: गावातील वाचनालयात, कामगार संघटनेच्या कार्यालयात, अभ्यासवर्गात चार तरुण जमवावेत आणि ही भाषा शिकण्याचा श्रीगणेशा करावा. शंभर कोटींहून अधिक माणसे ज्या भाषेत रडतात, हसतात आणि राबतात, ती भाषा कोणालाही न येणारी चळवळ स्वतःला आंतरराष्ट्रीय म्हणवून घेऊ शकत नाही.